बारा जणांची टीम, वर मॅनेजर नाही: ब्यूर्टझोर्गचं प्रकरण

छोट्या सेवा व्यवसायाच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: माणसं सांगितलेलं काम नीट करतात, पण स्वतःहून काही सुचवत नाहीत. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. सूचनापेटी लावायची, महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडायचा, एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवायचं. दोन महिन्यांनी पेटीवर धूळ बसते आणि मालक म्हणतो, आमच्याकडच्या माणसांत ती वृत्तीच नाही.

वृत्ती माणसात असते की संस्थेच्या मांडणीत, हे तपासायला नेदरलँड्समधलं एक प्रकरण फार उपयोगी आहे. संस्थेचं नाव ब्यूर्टझोर्ग. काम घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करण्याचं. योस द ब्लॉक यांनी काही सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये ती स्थापन केली आणि अल्मेलो या शहरात चार नर्सच्या एका टीमने कामाला सुरुवात झाली. पुढच्या दहाएक वर्षांत कर्मचारी 10,000 च्या घरात गेले आणि टीम 850 च्या वर. मुख्य कार्यालयात मात्र जेमतेम पन्नास माणसं, आणि मधल्या फळीतला मॅनेजर एकही नाही.

आता ही संस्था छोटी कशी, असं कुणी विचारेल. तिथे टीम जास्तीत जास्त बारा जणांची असते. तेरावा माणूस लागेल इतकं काम वाढलं की टीमचे दोन भाग होतात. प्रत्येक टीमचा आपला परिसर, साधारण 40 ते 60 रुग्ण, स्वतःचं भाड्याचं छोटं ऑफिस, स्वतःचं वेळापत्रक आणि स्वतःचा जमाखर्च. म्हणजे शेकडो छोटे सेवा व्यवसाय एका नावाखाली चाललेत, असंच म्हणायला हवं. त्यामुळे इथे आकार बाजूला ठेवून एका टीमकडे पाहू.

त्याआधी काय होतं

नेदरलँड्समध्ये परिसराची नर्स ही जुनी, मानाची व्यवस्था. ती डॉक्टरला ओळखे, कुटुंबाला ओळखे, आणि कुणाला काय लागेल हे स्वतः ठरवे. 1980 आणि 1990 च्या दशकांत कार्यक्षमतेच्या नावाखाली स्थानिक संस्थांचं विलीनीकरण झालं. मोठ्या संस्था आल्या, त्यांच्याबरोबर नियोजन विभाग आले, कॉल सेंटर आली. शुश्रूषेची ‘उत्पादनं’ झाली: अंघोळ घालणं हे एक, इंजेक्शन देणं हे दुसरं, पायात घट्ट दाबमोजे चढवणं हे तिसरं. प्रत्येकाला मिनिटं ठरवून दिली. सोपी कामं कमी शिकलेल्या, कमी पगाराच्या माणसाला आणि अवघड कामं नर्सला. कागदावर हिशेब चोख बसला.

प्रत्यक्षात एकाच आजीबाईंकडे आठवडाभरात वेगवेगळे चेहरे येऊ लागले. प्रत्येक जण आपलं उत्पादन देऊन निघून जाई. आजींचं खाणं कमी झालंय, त्या भिंतीला धरून चालायला लागल्यात, हे कुणाच्याच लक्षात येत नसे. आलं तरी ते सांगायचं कुणाला, हा प्रश्न होताच. वेळापत्रक करणारा माणूस दुसऱ्या इमारतीत बसलेला, आणि त्याचं मोजमाप मिनिटांचं.

द ब्लॉक स्वतः नर्स होते आणि पुढे अशाच एका संस्थेत वरच्या जागेवर पोहोचले होते. आतून बदल करायचा प्रयत्न त्यांनी केला. तो जमेना, तेव्हा बाहेर पडून त्यांनी वेगळी मांडणी केली. त्या जुन्या संस्थांतल्या नर्सच पुढे ब्यूर्टझोर्गमध्ये आल्या. माणसं तीच, शिक्षण तेच, पगारही त्याच सामूहिक करारातले. बदलली ती फक्त मांडणी. अभ्यासाच्या दृष्टीने हे प्रकरण मोलाचं आहे ते याचमुळे. एरवी अशा तुलनेत ‘त्यांना माणसंच चांगली मिळाली’ ही पळवाट असते, ती इथे फारशी उरत नाही.

टीमच्या हातात नेमकं काय दिलं

नवा रुग्ण घ्यायचा की नाही, त्याच्याकडे कोण जाणार, किती वेळा जाणार, सुट्टी कोण कधी घेणार, ऑफिस कुठे घ्यायचं, परिसरातल्या डॉक्टरांशी ओळखी कशा वाढवायच्या, नवीन सहकारी कुणाला घ्यायचं: हे सगळं टीम ठरवते. पगार काढणं, बिलं पाठवणं, विमा कंपन्यांशी करार करणं ही कामं मुख्य कार्यालयाकडे. नर्सने नर्सचंच काम करावं आणि कागदांचा रगाडा दुसऱ्याने उपसावा, अशी ही विभागणी.

टीममध्ये पुढारी नेमलेला नसतो. हिशेब पाहणं, वेळापत्रक लावणं, नव्या माणसाला सांभाळून घेणं या जबाबदाऱ्या सदस्यांमध्ये वाटून घेतल्या जातात आणि फिरत्या राहतात. बैठकीत निर्णय बहुमताने होत नाही. कुणाचाही तत्त्वाचा विरोध उरलेला नसला की प्रस्ताव मान्य, आणि पुढे नवी माहिती हाती आली की तो पुन्हा चर्चेला घेता येतो. ही पद्धत आपोआप जमत नाही. बैठक कशी चालवायची, एकमेकांचं कसं ऐकायचं, भांडण कसं मिटवायचं याचं प्रशिक्षण प्रत्येक नव्या टीमला मिळतं. अडल्यास प्रशिक्षक असतो. एका प्रशिक्षकाकडे चाळीस-पन्नास टीम असल्यामुळे त्याला प्रत्येकीत लुडबुड करायला सवडच नसते, आणि त्याच्याकडे निर्णयाचा अधिकारही नसतो. तो प्रश्न विचारतो, दुसऱ्या टीमने काय केलं ते सांगतो, आणि निघतो. प्रशिक्षक कमी ठेवणं ही काटकसर वाटेल, पण मला तो या मांडणीतला सर्वांत चतुर भाग वाटतो. रिकामा बसलेला वरिष्ठ दुसऱ्याच्या कामात हात घालणारच.

याच्या जोडीला पक्क्या चौकटी आहेत, आणि त्यांचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत बहुतेक वेळा राहून जातो. बारा माणसांची मर्यादा पक्की. एकूण कामाच्या तासांपैकी साधारण 60 ते 65 टक्के तास रुग्णसेवेचे, म्हणजे बिल लावता येण्याजोगे असले पाहिजेत, ही अपेक्षा पक्की. कुणाचं किती चाललंय हे अंतर्गत संगणक प्रणालीवर सगळ्यांना दिसतं. ही प्रणाली आर्ड लेफरिंक यांच्या सहभागातून अगदी सुरुवातीपासून संस्थेसाठीच बांधली गेली. आपली टीम इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे टीमला स्वतःलाच कळतं, ते ऐकवायला वरून कुणी यावं लागत नाही.

पाच घटकांच्या चाळणीतून

संस्थेत राहून उद्योजकासारखं वागणाऱ्या माणसाबद्दल गिफर्ड पिंचो यांनी 1978 पासून लिहायला सुरुवात केली आणि ‘इंट्राप्रेन्युअर’ हा शब्द त्यांनीच रुळवला. पुढे डोनाल्ड कुराटको, जेफ्री हॉर्न्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी वृत्ती संस्थेतल्या कोणत्या गोष्टींमुळे फुलते हे मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. 1990 पासून ती सुधारत गेली आणि 2002 च्या त्यांच्या अभ्यासात पाच घटक स्थिरावले: वरिष्ठांचा पाठिंबा, कामातली मोकळीक, बक्षीस, हाताशी असलेला वेळ, आणि संस्थेच्या सीमा, म्हणजे नियम, मंजुऱ्या आणि अपेक्षा कशा आखल्या आहेत ते. हा 2002 चा अभ्यास मधल्या फळीतल्या मॅनेजरांवर बेतलेला होता. ज्या संस्थेत ती फळीच नाही तिला ही चाळणी लावणं म्हणजे थोडी गंमतच, पण लावून पाहिली तर बरंच हाती लागतं.

मोकळीक तर उघडच आहे. वेळेचं काय? इथे 60 ते 65 टक्क्यांचा नियम उलटा वाचायला हवा. उरलेले 35 ते 40 टक्के तास प्रवास, बैठका, शिकणं, डॉक्टरांकडे जाणं, आणि काहीतरी नवीन करून पाहणं यांसाठी हिशेबातच धरलेले आहेत. छोट्या सेवा व्यवसायात बहुतेक ठिकाणी मालकाची नजर प्रत्येक तासाचं बिल लागतंय का यावर असते. सेवा साठवून ठेवता येत नाही, आज रिकामा गेलेला तास उद्या विकता येत नाही, म्हणून ही भीती खोटीही नाही. पण शंभर टक्के भरलेल्या दिवसात नव्या कल्पनेचं पुढे काही होत नाही. ती सुचते, दुसऱ्या दिवशीच्या कामात बुडते, आणि मालकापर्यंत पोहोचतही नाही.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू. म्हातारी माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते, आणि पुष्कळदा ती पुन्हा पूर्वीसारखी हिंडू-फिरू शकत नाहीत. घरी जाणाऱ्या नर्सला हे आधी दिसतं: सटकणारी सतरंजी, रात्री अंधारातून संडासाकडे जायची वाट, पकडायला आधार नसलेली पायरी. एका टीममधल्या नर्सनी परिसरातल्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून मदत करणारे) बरोबर घेऊन, घरात छोटे बदल आणि सवयीत छोटे बदल सुचवण्याचं काम सुरू करायचं ठरवलं. त्यांनी ते द ब्लॉक यांच्यापुढे मांडलं.

इथे कुठलाही उत्साही संस्थापक काय करेल? छान आहे म्हणेल आणि सगळ्या टीमना परिपत्रक काढेल. द ब्लॉक यांनी परिपत्रक काढलं नाही. तुम्ही तुमच्या भागात करून पाहा, जमलं तर कसं केलं ते नीट लिहून काढा, असं सुचवलं. टीमने ते केलं, पद्धत लिहिली, अंतर्गत प्रणालीवर टाकली. ज्यांना पटलं त्या टीमनी उचललं, ज्यांना वेगळी अडचण मोठी वाटत होती त्यांनी सोडून दिलं. ‘ब्यूर्टझोर्ग प्लस’ या नावाने ते काम पुढे पसरलं.

पाठिंबा या घटकाचं खरं रूप इथे दिसतं. वरिष्ठाने कल्पना उचलून धरणं म्हणजे पाठिंबा, अशी आपली समजूत असते. पण वरिष्ठाने उचललेली कल्पना त्या क्षणापासून त्याची होते. बाकीच्यांसाठी ती आणखी एक हुकूम ठरते, आणि जिने ती काढली ती नर्स फक्त ‘मूळ सूचनाकार’ म्हणून उरते. इथे कल्पना टीमकडेच राहिली, अपयशाची जोखीम एका परिसरापुरती राहिली, आणि पसरण्यासाठी तिला शेजारच्या टीमला पटावं लागलं. सेवा व्यवसायात नवी गोष्ट करून पाहायला यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती परवानगी आणि दोन मोकळ्या दुपारी. म्हणून छोट्या प्रमाणात करून पाहण्याची सोय ही इथे कारखान्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तरीही ती फार थोड्या ठिकाणी दिली जाते.

पैशांची वेळ आली तेव्हा

मोकळीक द्यायला सगळे तयार असतात, पैसे अडकेपर्यंत. ब्यूर्टझोर्गवरही ती वेळ आली. संस्था वेगाने वाढत होती. नवी टीम सुरुवातीला तोट्यातच असते, कारण नर्सचा पगार पहिल्या दिवसापासून चालू आणि रुग्ण मात्र हळूहळू येतात. त्यात विमा कंपन्यांकडून येणाऱ्या पैशांचा प्रश्न उभा राहिला आणि रोकड कमी पडण्याची चिन्हं दिसू लागली.

नेहमीच्या संस्थेत हे प्रकरण बंद दाराआड गेलं असतं. द ब्लॉक यांनी अंतर्गत प्रणालीवर सगळ्या नर्ससमोर परिस्थिती जशीच्या तशी लिहिली आणि दोन वाटा ठेवल्या: काही काळ नव्या टीम घेणं थांबवायचं, किंवा चालू टीमनी बिल लागणाऱ्या तासांचं प्रमाण थोडं वाढवायचं. उत्तरं भराभर आली. वाढ थांबवू नका, आम्ही तास वाढवतो, असा कौल नर्सनी दिला आणि तो पाळला.

या निर्णयाचं मला वाटणारं महत्त्व जरा वेगळं आहे. नर्सनी त्याग केला हे खरं, पण तो त्यांना करता आला, कारण आकडे त्यांना आधीपासून वाचता येत होते. बिल लागणाऱ्या तासांचं प्रमाण म्हणजे काय, आपल्या टीमचं किती, ते दोन टक्क्यांनी वाढवायचं म्हणजे वेळापत्रकात कुठे कात्री लावायची, हे त्या रोज पाहत होत्या. ज्या व्यवसायात जमाखर्च फक्त मालक आणि त्याचा हिशेबनीस यांनाच दिसतो, तिथे अडचणीच्या दिवशी ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं कितीही सांगितलं तरी माणसं दुसऱ्या नोकरीचा अर्ज तयार करायला लागतात. कुराटको-हॉर्न्सबी यांच्या पाच घटकांत हिशेबाची ही पारदर्शकता स्वतंत्रपणे येत नाही. छोट्या सेवा व्यवसायासाठी मी तरी ती सहावा घटक म्हणून धरेन, आणि क्रम लावायचा झाला तर मोकळिकीच्याही आधी. आकडे न दाखवता दिलेली मोकळीक म्हणजे डोळे बांधून गाडीची किल्ली देणं.

बक्षिसाचा घटक या प्रकरणात सपशेल मागे पडतो. वैयक्तिक कामगिरीवर बोनस नाही, कल्पनेला रोख इनाम नाही, पगार सामूहिक करारानुसार. बढती नाही, कारण चढायला पायऱ्याच नाहीत. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, त्यामुळे भागीदारीचं आमिषही नाही. तरी नर्स आल्या, टिकल्या, आणि देशातल्या उत्तम मालक-संस्थेचा मान ब्यूर्टझोर्गला एकाहून अधिक वेळा मिळाला. यावरून बक्षीस निरर्थक असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. नर्सिंगसारख्या पेशात कामाचं समाधान हेच मोठं मोल असतं, आणि आधीच्या संस्थांनी तेच हिरावून घेतलं होतं. जिथे काम मुळातच रटाळ आहे, तिथे केवळ मोकळिकीवर हा परिणाम मिळेल असं मला वाटत नाही.

हिशेब आणि शंका

अर्न्स्ट अँड यंग या सल्लागार कंपनीच्या 2009 च्या अहवालात ब्यूर्टझोर्गला प्रति रुग्ण इतरांपेक्षा सुमारे 40 टक्के कमी तास लागतात असं दिसलं. संस्थेचा कार्यालय-व्यवस्थापनाचा वरचा खर्च सुमारे 8 टक्के, तर या क्षेत्रातल्या इतरांचा 25 टक्क्यांच्या आसपास, हेही आकडे वारंवार दिले जातात. महागडी, जास्त शिकलेली नर्स पाठवूनही तास कमी लागतात, याचं कारण कामाच्या दिशेत आहे. मिनिटांवर कमाई असलेली संस्था रोज मोजे चढवायला माणूस पाठवत राहते. टीम मात्र विचारते की हे आजोबांना स्वतःला जमेल का, एखादं साधन मिळेल का, शेजारी मदत करतील का. पहिल्या भेटीत कॉफी पीत बसलेली नर्स वेळ घालवतेय असं वाटतं, पण पुढच्या कितीतरी फेऱ्या तिथेच वाचतात.

डच आरोग्य मंत्रालयासाठी केपीएमजी या दुसऱ्या सल्लागार कंपनीने 2015 मध्ये केलेल्या अभ्यासाने मात्र चित्र थोडं जमिनीवर आणलं. रुग्णांच्या आजारपणातला फरक धरूनही घरच्या शुश्रूषेचे तास कमीच निघाले. पण त्याच रुग्णांचा नर्सिंग होम, डॉक्टर, रुग्णालय असा सगळा खर्च एकत्र केला, तर एकूण आकडा देशाच्या सरासरीच्या आसपास येतो. उद्योजकता आपल्या कक्षेतलं काम सुधारते. कक्षेबाहेरचा खर्च तिने आपोआप कमी होत नाही.

दुसरी शंका टीमच्या आतली. पुढारी नसला म्हणजे सत्ता नसते असं नाही. बोलका, अनुभवी सदस्य बैठकीवर पकड मिळवतो, आणि काम टाळणाऱ्या सहकाऱ्याला समोरासमोर सांगणं मॅनेजरपेक्षा मैत्रिणीला अवघड जातं. काहींना ही जबाबदारी नकोच असते. आठ तास काम करून घरी जाणाऱ्या माणसाला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे, आणि या मांडणीत तशा माणसाला फारशी जागा नाही.

तिसरी गोष्ट नकलेची. इंग्लंडमध्ये काही सरकारी आरोग्यसंस्थांनी याच धर्तीवर छोट्या टीम करून पाहिल्या, लंडनमधल्या गाइज अँड सेंट थॉमस या रुग्णालयं चालवणाऱ्या सरकारी न्यासानेही. नर्स आणि रुग्ण दोघांनाही ते आवडलं. पण टीम ज्या मोठ्या संस्थेत बसवल्या तिची भरतीची पद्धत, संगणक प्रणाली, मंजुऱ्यांची साखळी जुनीच राहिली. पाच घटकांपैकी शेवटचा, संस्थेच्या सीमांचा, इथे आडवा आला. टीमला ‘तुम्ही ठरवा’ म्हटलं जायचं आणि ठरवलेलं अमलात आणायला तीन खात्यांच्या सह्या लागायच्या.

छोट्या व्यवसायाच्या मालकाला इथे एक फायदा आहे, जो मोठ्या संस्थेला नाही. ती तीन खाती त्याच्याकडे नसतात, तो एकटाच ती तीन खाती असतो. फिजिओथेरपीचं केंद्र असो, हिशेबनिसांचं कार्यालय असो की दुरुस्ती सेवा, सुरुवात करायची तर मी वेळापत्रकापासून करेन: आठवड्याचं वेळापत्रक, त्याच्या शेजारी त्या आठवड्याची वसुली, दोन्ही कर्मचाऱ्यांच्या हातात. त्यानंतर पुढच्या नव्या माणसाची निवड. ज्यांना त्याच्याबरोबर काम करायचंय त्यांचा तत्त्वाचा विरोध असेल तर मालकाने आवडता उमेदवारही सोडायचा. बहुतेक मालक पहिली पायरी महिनाभरात चढतील. दुसरीवर किती जण थांबतात, ते पाहण्यासारखं असेल.